फवारणीआधी सामू पाहा

जुलैचा दुसरा पंधरवडा. आठ-दहा दिवसांची झड उघडते आणि कराड, वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यातल्या काळ्या रानांत वाफसा यायच्या आतच सोयाबीनचे शेंडे पिवळे दिसू लागतात. शेतकरी पान तोडून खिशात घालतो आणि कृषी सेवा केंद्र गाठतो. काउंटरवर पान ठेवले की उत्तर तयार असते : सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक बाटली, ह्युमिकचे पाकीट, जोडीला विद्राव्य खत, आणि दुकानदार जरा आग्रही असला तर एखादे बुरशीनाशकही. फवारणी होते. पीक कधी हिरवे होते, कधी होत नाही. ‘तुमच्या रानाचा सामू किती? पाण्याचा किती?’ हा प्रश्न मात्र त्या काउंटरवर क्वचितच विचारला जातो.

खरे तर तो पहिला प्रश्न असायला हवा. पानाचे हिरवेपण, त्याने ऊन शोषणे, शोषलेल्या उन्हाचे अन्न करणे आणि जास्तीचे ऊन अंगाबाहेर टाकणे ही सगळी कामे आम्ल आणि अल्क यांच्या तोलावर चालतात. हा तोल दोन ठिकाणी सांभाळावा लागतो. एक पानाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळीत. दुसरा मुळाच्या टोकाशी, मातीत. पानाच्या आतला तोल वनस्पती स्वतः सांभाळते, आणि फार हुशारीने सांभाळते. मातीतला तोल कृष्णाकाठच्या शेतीने गेल्या दोन-तीन पिढ्यांत बिघडवला आहे. बाटलीतून केलेली दुरुस्ती पहिल्या ठिकाणी थोडीफार पोचते, दुसऱ्या ठिकाणी पोचतच नाही. म्हणून दरवर्षी तोच पिवळेपणा आणि दरवर्षी तोच खर्च.

काउंटरवरचे ते पान जवळून पाहण्यासारखे असते. सोयाबीनची खालची जुनी पाने हिरवीच असतात. नव्याने फुटलेली त्रिदळे पिवळी पडतात, आणि तीही सरसकट नाही. शिरा हिरव्या राहतात, शिरांमधला भाग लिंबासारखा होतो. फार बिघडले तर पान जवळपास पांढरे पडते आणि कडेने करपते. उसात हेच चित्र लांबट पट्ट्यांत उमटते. त्याला शेतकरी केवडा म्हणतात, आणि लागणीपेक्षा खोडव्यात तो जास्त दिसतो. नत्र कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी होतात, कारण पीक जुन्या पानातले नत्र काढून नव्याला देते. लोहाचे तसे होत नाही. एकदा पानात बसलेले लोह सहसा हलत नाही. त्यामुळे मुळाकडून पुरवठा तुटला की पहिला फटका नव्या पानाला बसतो. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग याहून वेगळा. त्यात पिवळे-हिरवे ठिपके अस्ताव्यस्त पसरतात, शिरांचा हिशोब राहत नाही. एवढा फरक ओळखला तरी निम्म्या चुकीच्या फवारण्या टळतील.

लोह कमी म्हणजे हरितद्रव्य कमी, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. पण हरितद्रव्यात लोह नसते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विल्स्टेटर यांनी ते दाखवले आणि त्यांना १९१५ चे नोबेल मिळाले. लोह लागते ते हा रेणू घडवण्याच्या वाटेवर, आणि त्याहून जास्त, घडलेल्या रेणूंना कामाला लावणाऱ्या यंत्रणेत. पानातले सुमारे ८० टक्के लोह हरितलवकांत असते. प्रकाशसंश्लेषणाच्या दोन मोठ्या संकुलांपैकी फोटोसिस्टिम-१ नावाच्या एकाच संकुलात लोहाचे १२ अणू बसवलेले असतात. लोह तुटले की सर्वांत आधी तेच कोसळते.

संकुल हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पानात हरितद्रव्य सुटे तरंगत नसते. प्रथिनांच्या घडीत, ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या दिशेला तोंड करून ते बसवलेले असते. या बसवणुकीने त्याचा स्वभाव बदलतो. कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी पान ८० टक्के ॲसिटोनमध्ये वाटून, गाळून, हरितद्रव्य मोजतात. डॅनियल आरनॉन यांनी १९४९ मध्ये रूढ केलेली ही पद्धत आजही जशीच्या तशी चालते. त्या हिरव्या द्रावात हरितद्रव्य-अ लाल प्रकाश सर्वांत जास्त शोषते ते ६६३ नॅनोमीटरला. जिवंत पानात तेच शोषण ६७५ च्या पुढे सरकते, आणि दोन्ही फोटोसिस्टिमच्या मध्यभागी बसलेले हरितद्रव्य तर ६८० आणि ७०० या आकड्यांनीच ओळखले जाते. रेणू एकच, शेजारी प्रथिन कोणते यावर त्याने कोणता रंग गिळायचा हे ठरते.

आता त्याच परीक्षानळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले तर पाहता पाहता द्रावाचा लखलखीत हिरवा रंग मळकट, शेवाळी-तपकिरी होतो. आम्लाने रेणूतला मॅग्नेशियमचा अणू हुसकावून लावलेला असतो आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसलेला असतो. या नव्या रेणूला फिओफायटिन म्हणतात. त्याचे लाल प्रकाशातले शोषण निम्म्याच्या आसपास येते. अळूच्या भाजीत चिंचेचा कोळ पडला की पाने काळपट का होतात, त्याचे उत्तर याच परीक्षानळीत आहे.

गंमत अशी की पानाच्या प्रत्येक पेशीत आम्लाची एक मोठी साठवण मुळातच असते. पेशीचा बराच भाग व्यापणारी रसधानी आम्लधर्मी रसाने भरलेली असते. पेशी जिवंत आहे तोवर तो रस पडद्याआड राहतो. पेशी शिजली, चेचली किंवा वाळली की पडदे फाटतात, आम्ल हरितलवकांत शिरते आणि रंग जातो. तासगावच्या बेदाणा उत्पादकांना हे पुस्तकाशिवाय कळलेले आहे. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, त्यात लिटरला साधारण २५ ग्रॅम कार्बोनेट असते, आणि हे द्रावण चांगलेच अल्कधर्मी असते. त्याचे मुख्य काम मण्यावरचा मेणाचा थर सैल करून पाणी लवकर बाहेर काढणे हे आहे. मणी लवकर सुकला आणि सावलीत सुकला की तपकिरी होण्याच्या क्रियांना वेळ मिळत नाही, आणि बाजारात भाव खाणारा हिरवा बेदाणा हाती येतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे अशी बरीच न बोललेली रसायनविद्या आहे.

मेलेल्या पेशीत आम्ल रंग मारते. जिवंत पानात मात्र तेच आम्ल कारभार चालवते.

हरितलवकाच्या आत थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्यांच्या चळती असतात. रंगद्रव्य-प्रथिनांची संकुले या पिशव्यांच्या पडद्यात रोवलेली असतात. ऊन पडले की संकुले इलेक्ट्रॉन हलवू लागतात, आणि त्या हालचालीबरोबर हायड्रोजन आयन, म्हणजेच प्रोटॉन, पिशवीच्या आत जमू लागतात. बाहेरचा सामू ८ च्या आसपास असतो, आतला उतरत ६ किंवा त्याहून खाली येतो. सातारकरांना हे समजायला कोयना पुरेशी आहे. धरणाच्या भिंतीआड पाणी साचते आणि खाली जाताना जनित्र फिरवते. थायलाकॉइडमध्ये प्रोटॉन साचतात आणि बाहेर पडताना एक खरोखरचे फिरते प्रथिन फिरवतात. त्या फिरण्यातून पेशीचे चलन असलेले एटीपी तयार होते. आंद्रे जॅगेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी १९६६ मध्ये याचा पुरावा दिला. पालकाची हरितलवके त्यांनी अंधारात ४ सामूच्या आम्लात भिजवली आणि मग एकदम ८ सामूच्या द्रावणात टाकली. उन्हाचा किरणही नसताना एटीपी तयार झाले. आम्लाचा फरक हीच ऊर्जा आहे, हा पीटर मिशेल यांचा सिद्धांत तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना पटत नव्हता. १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळाले.

धरण भरले की कोयनेचे सहा वक्र दरवाजे उचलतात. पानातही दरवाजे आहेत. भर दुपारी पानावर पडणाऱ्या उन्हातले निम्मेसुद्धा सोयाबीन किंवा द्राक्षासारखे पीक वापरू शकत नाही. शोषलेली पण न वापरलेली ऊर्जा हरितद्रव्यातच अडकली तर ती प्राणवायूला चिथावते आणि तयार होणारे विषारी रेणू प्रथिने जाळत सुटतात. हा धोका पानाला कळतो तो पिशवीतल्या आम्लावरून. सामू साडेसहाच्या खाली उतरू लागला की दोन गोष्टी घडतात. व्हायोलाझँथिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचे झिअॅझँथिनमध्ये रूपांतर करणारे वितंचक जागे होते. आणि पीएसबीएस हे प्रथिन, ज्याची यातली भूमिका बर्कलीच्या कृष्णा नियोगी यांच्या गटाने २००० मध्ये दाखवून दिली, आम्लाची चाहूल घेऊन शेजारच्या प्रकाश गोळा करणाऱ्या संकुलांची ठेवण बदलते. पान ऊन शोषायचे थांबत नाही, पण शोषलेली ऊर्जा अन्नाकडे न जाता उष्णता होऊन निघून जाते. शोषणाच्या आलेखात ५३५ नॅनोमीटरजवळ एक बारीक उंचवटा दिसतो, बाहेरून पान तसेच्या तसे हिरवे दिसते.

दरवाजे उघडतात झटकन, बंद व्हायला मात्र वेळ लावतात. श्रावणात कृष्णाकाठी दिवसभर ऊन-सावलीचा खेळ चालतो. ढग आला, ऊन कमी झाले, तरी पान काही मिनिटे ऊर्जा फेकतच राहते. हा तोटा कमी करण्याचा प्रयत्न अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्टीफन लाँग आणि नियोगी यांच्या गटांनी केला. २०१६ मध्ये तंबाखूत दरवाजे लवकर मिटवणारी जनुके वाढवून रोपांचे वजन सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरले. २०२२ मध्ये सोयाबीनच्या शेतातल्या चाचणीत उत्पादनवाढ काही ओळींत ३३ टक्क्यांपर्यंत गेल्याचे प्रसिद्ध झाले. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीत मात्र तीच जनुके घालून झाडे उलट खुरटली. तेव्हा हा चमत्कार नव्हे, पण दिशा खरी आहे. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही आणि असे वाण उद्या सांगलीत येणार नाही. तरीही ‘फुले संगम’, ‘फुले किमया’ यांसारखी वाणे देणाऱ्या मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने पारंपरिक पैदाशीतसुद्धा हा गुण मोजायला सुरुवात करावी. एकाच वाणसंग्रहातल्या ओळींत दरवाजे मिटण्याचा वेग वेगवेगळा असू शकतो, आणि तो मोजणारी हातात मावणारी उपकरणे आज उपलब्ध आहेत.

आता पिवळ्या पानाकडे परत येऊ. स्पेनमधल्या सारागोसा येथे मोरालेस आणि अबादिया यांच्या गटाने लोह तोडलेल्या शुगरबीटवर केलेले काम १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून दिसले ते असे : लोह कमी पडले की हरितद्रव्य झपाट्याने घटते, पण उन्हापासून वाचवणारी ती पिवळी रंगद्रव्ये त्या मानाने कमी घटतात, आणि उजेडात त्यांचे झिअॅझँथिन होते. म्हणजे पिवळे पान हे नुसते उपाशी पान नसते. ते कमी ऊन शोषते, शोषलेले वापरायला संकुले अपुरी असतात आणि उरलेले सगळे दरवाज्यातून बाहेर ओतावे लागते. शेतकऱ्याला जो पिवळा रंग दिसतो, तो बऱ्याच अंशी हरितद्रव्य ओसरल्यावर उघडी पडलेली ही संरक्षक रंगद्रव्ये असतात. झड उघडून एकदम कडक ऊन पडले की अशी पाने करपतात, त्याचेही कारण हेच.

एक गैरसमज मात्र मुळातून काढला पाहिजे. मातीचा सामू साडेआठ झाला म्हणून पानातला सामू साडेआठ होत नाही. ‘झाडाचा पीएच बॅलन्स करणारे’ म्हणून विकले जाणारे द्रावण पानाच्या आत जाऊन थायलाकॉइडचा तोल सांभाळते, हे शक्य नाही. मातीचा सामू पानाला गाठतो तो आडवाटेने, लोहाच्या उपासमारीतून.

काळ्या मातीत लोह भरपूर असते. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या मातीला लोहाचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा आहे तो विरघळलेल्या लोहाचा. सामू एका अंकाने वर गेला की विरघळणारे फेरिक लोह सुमारे हजारपटीने घटते. पिकांनी यावर दोन उपाय शोधलेले आहेत. सोयाबीन, भुईमूग, द्राक्ष यांसारखी द्विदल पिके मुळातून प्रोटॉन सोडून मातीचा केसाएवढा थर आंबट करतात आणि तेवढ्यात लोह उचलतात. ऊस, ज्वारी, मका ही गवतवर्गीय पिके आम्ल न सोडता लोहाला पकडून आणणारे सेंद्रिय रेणू पाझरतात. जपानच्या ताकागी यांनी १९७६ मध्ये ही दुसरी तऱ्हा उजेडात आणली. पानाच्या आत आम्ल दरवाजे चालवते, मुळाच्या टोकाला आम्ल लोह आणते, आणि लोहाविना पानातली यंत्रणा उभीच राहत नाही.

मुळाचे आम्ल निष्प्रभ करणारा शत्रू म्हणजे बायकार्बोनेट. रानात मुक्त चुना असला आणि त्यात पाणी साचले की मुळे आणि जिवाणू सोडत असलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ शकत नाही. तो चुन्यावर काम करतो आणि मातीच्या पाण्यात बायकार्बोनेट वाढते. मूळ जेवढे आम्ल सोडेल तेवढे ते मारून टाकते. झड उघडल्यावरच सोयाबीन पिवळे का पडते आणि रान वाफशावर आले की आपोआप हिरवे का होते, हे यातून सुटते. ज्या बाटलीला त्या हिरवेपणाचे श्रेय मिळते, तिने बहुतेक वेळा काहीच केलेले नसते. उन्हाने आणि निचऱ्याने ते काम केलेले असते.

सातारा जिल्हा या बाबतीत एक उघडे पुस्तक आहे. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याने चुना केव्हाच धुऊन नेला आहे आणि मागे लाल, आम्लधर्मी माती राहिली आहे. स्ट्रॉबेरीला साडेपाच ते साडेसहा सामू मानवतो आणि तो तिला तिथे मिळतो. कासच्या जांभ्यावर लोहाचा लाल रंग उघड्या डोळ्यांना दिसतो. पूर्वेला माण-खटावात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, माती चुनखडीची. सांगलीतही शिराळ्याहून जतला जाताना हाच प्रवास घडतो. निसर्गाने दिलेली ही उतरण आहे आणि तिच्याशी कोणाचे भांडण नाही.

भांडण आहे ते मधल्या पट्ट्याशी, जिथे माणसाने सामू चढवला. नीरा उजवा कालवा, कृष्णा कालवा, पुढे ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या उपसा योजना. पाणी आले आणि पाण्याबरोबर ऊस आला. पाणी आत आणण्याचा विचार झाला, बाहेर काढण्याचा झाला नाही. खोल काळ्या रानाला पाटाने, रात्री-बेरात्री, वीज असेल तेव्हा वाहून दिलेले पाणी खाली उतरत नाही. भूजल वर येते, उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. आधी बांधाकडेला पांढरा थर दिसतो, ती खारवट जमीन. पुढे सोडियम मातीच्या कणांना चिकटला, कण विखुरले, सामू साडेआठच्या पुढे गेला की जमीन चोपण होते. ओली असताना चिखल, वाळली की दगड. वाळवा आणि मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत एके काळी सोने पिकवणारी राने आज गवतसुद्धा नीट वाढू देत नाहीत. पिवळे पान हे त्या वाटेवरचे पहिले पाऊल असते. तिथेच थांबवता येईल अशी ती वेळ असते, आणि नेमक्या त्याच वेळी शेतकऱ्याच्या हातात बाटली दिली जाते.

बाटलीचा हिशोबही तपासायला हवा. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हे जुने, स्वस्त आणि उपयोगी औषध आहे. पण ते चुनखडीच्या ओल्या रानात तसेच फेकले तर काय होते, ते मूठभर टाकून कोणालाही पाहता येईल. फिकट हिरवे खडे थोड्याच वेळात गंजाच्या रंगाचे होतात. ते लोह पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात गेलेले असते, मुळाच्या काही कामाचे उरत नाही. म्हणूनच कृषी विद्यापीठ हिराकस शेणखतात मुरवून द्या असे सांगते, किंवा अर्धा टक्क्याच्या आसपासचे द्रावण पानावर फवारायला सांगते. चिलेटेड लोहाचेही तेच. बाजारात सहज मिळणारे ईडीटीए रूपातले लोह साडेसहाच्या पुढच्या सामूत फार टिकत नाही, चुन्यातला कॅल्शियम त्याची जागा घेतो. आठच्या वरच्या सामूत टिकते ते ईडीडीएचए रूपातले, ते महाग असते. पानावर फवारायला ईडीटीए ठीक आहे, पण आठ-साडेआठ सामूच्या रानात ठिबकमधून ते सोडणे म्हणजे पैसे पाटात सोडणे. हे पाकिटावर ठळक मराठीत छापायला कंपन्यांना भाग पाडले पाहिजे.

तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागायतदारांनी यात बराच पुढचा विचार केला आहे. क्षारांना तोंड देण्यासाठी डॉगरिजसारखा खुंट त्यांनी स्वीकारला, देठ परीक्षण अंगवळणी पाडून घेतले. मात्र लोहाच्या बाबतीत देठाचा अहवाल फसवा ठरू शकतो. पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्या पानाइतकेच किंवा जास्तही सापडते, हे द्राक्षासह अनेक फळझाडांत नोंदवले गेले आहे. लोह पानापर्यंत पोचलेले असते, पण जागेवर लागलेले नसते. अहवालात लोह पुरेसे आणि वेलीवर पिवळी पाने, असे दिसले तर प्रयोगशाळेला दोष न देता पाण्यातले बायकार्बोनेट तपासावे.

वाणांची मदतही आहे. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने, जे १९३२ पासून चालू आहे, दिलेला ‘फुले २६५’ क्षारपड जमिनीत इतरांपेक्षा बरा तग धरतो. भुईमुगाबाबत चीनमधला एक अनुभव इथे करून पाहण्याजोगा आहे. तिथल्या चुनखडी रानांत एकटा भुईमूग पिवळा पडतो, मक्याच्या ओळीशेजारचा मात्र हिरवा राहतो, कारण मक्याच्या मुळांनी पकडून आणलेले लोह त्यालाही मिळते. ‘कराड ४-११’ सारखे भुईमुगाचे वाण ज्या भागाच्या नावाने ओळखले गेले, तिथे हा प्रयोग सरकारी खर्चाने व्हावा.

पण वाण आणि फवारणी ही सोबतीची औषधे. मूळ उपचार निचरा हाच आहे. जमिनीखाली साधारण मीटर-सव्वा मीटरवर सच्छिद्र पाइप घालून पाणी आणि क्षार ओढ्याला काढून देण्याचे तंत्र नवे नाही. कसबे डिग्रजच्या केंद्राने त्यावर आणि काळ्या जमिनीला मानवणाऱ्या मोल निचऱ्यावर काम केले आहे. शेजारच्या शिरोळमध्ये श्री दत्त साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने हजारो एकर क्षारपड रान निचऱ्याखाली आणले आणि तिथे पुन्हा ऊस उभा राहिला. अडचण तंत्राची नाही, एकीची आहे. एकट्या शेतकऱ्याने पाइप घालून भागत नाही. पाणी शेजाऱ्याच्या बांधातून, पुढच्याच्या नंबरातून नाल्यापर्यंत जावे लागते. हे काम गावाचे, कारखान्याचे आणि पाटबंधारे खात्याचे मिळून आहे. ज्या कारखान्यांनी दोन पिढ्या या रानांचा ऊस गाळला, त्यांच्यावर तर ते देणेच आहे.

‘पीक डोळ्यांदेखत पिवळे पडत असताना निचऱ्याची वाट बघत बसायचे का?’ असे शेतकरी विचारील, आणि त्याचे बरोबर आहे. त्या हंगामासाठी हिराकसाची फवारणी करावीच, साचलेल्या पाण्याला चर काढून वाट द्यावीच. पण ती पहिली मदत आहे एवढे ध्यानात ठेवून. चोपण रानात जिप्सम उपयोगी पडते, तेही खाली निचरा असेल तरच. आणि मुक्त चुना भरपूर असलेल्या रानात जिप्समऐवजी गंधक, शेणखत आणि हिरवळीचे खत यांचा मार्ग धरावा लागतो. कोणते रान कुठल्या वर्गात बसते हे डोळ्यांनी कळत नाही, तपासणीच लागते.

इथे सरकारची एक त्रुटी सांगितलीच पाहिजे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत १२ रकाने आहेत. सामू आहे, क्षारता आहे, सेंद्रिय कर्ब आहे, लोहही आहे. मुक्त चुना नाही. विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्यातले बायकार्बोनेटही नाही. कृष्णाकाठच्या जमिनीला सर्वांत जास्त छळणाऱ्या दोन गोष्टी पत्रिकेत नाहीत, आणि नेमक्या त्याच नसल्यामुळे ‘लोह कमी, फेरस सल्फेट द्या’ एवढीच शिफारस छापून येते. सातारा आणि सांगलीच्या कृषी अधीक्षकांनी आपल्या जिल्ह्यांपुरते हे दोन रकाने वाढवून घ्यावेत. मुक्त चुन्याची तपासणी प्रयोगशाळेतल्या सर्वांत सोप्या तपासण्यांपैकी आहे. चिमूटभर मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकले आणि ती फसफसली, की निम्मे उत्तर मिळाले.

शेतकऱ्यांकडेही एक मागणे आहे. येत्या उन्हाळ्यात रान मोकळे झाले की खोल काळ्या पट्ट्यातली एक आणि पिवळेपणा दिसतो त्या जागची एक, असे मातीचे दोन नमुने आणि विहिरीच्या पाण्याची एक बाटली जवळच्या प्रयोगशाळेत द्यावी. सामू, क्षारता, मुक्त चुना आणि पाण्यातले बायकार्बोनेट, हे चार आकडे मागून घ्यावेत. ते हातात आल्यावाचून लोहाची एकही बाटली ठिबकमधून सोडू नये.